‘ड्यूक द ग्वीजचा खून’ : पार्श्वभूमी

१७ नोव्हेंबर १९०८ रोजी पॅरिसच्या सॅल शारास या सभागृहात ‘ड्यूक द ग्वीजचा खून’ हा जेमतेम पाव तासाचा मूकपट प्रथम दाखवण्यात आला. विषय पडद्याला नवा नव्हता. ल्युमिएर कंपनीने १८९७ मध्येच हा खून मिनिटभराच्या चित्रफितीत उरकला होता. नवी होती ती त्यामागची मंडळी. कथानक फ्रेंच अकादमीचे सदस्य आंरी लावदां यांचे, संगीत कामी सँ-साँस यांचे आणि भूमिका ‘कॉमेदी फ्रांसेज’ या नामांकित नाट्यसंस्थेतील नटांच्या.

ही जुळवाजुळव व्यावसायिक निकडीतून झाली होती. तोवर फ्रान्समध्ये चित्रपट हा मुख्यतः जत्रेतल्या तंबूत दाखवायचा खेळ होता. त्यातच मे १८९७ मध्ये पॅरिसच्या धर्मादाय बाजारात प्रक्षेपकाच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागून शंभराहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य उच्चभ्रू स्त्रिया, मृत्युमुखी पडल्याने त्या वर्गाच्या मनात या खेळाविषयी धास्ती बसली होती. हा प्रेक्षक परत आणण्याच्या हेतूने पॉल लाफित यांनी १९०८ मध्ये ‘फिल्म दार’ ही कंपनी काढली. वितरण पाथे कंपनीकडे होते.

कथानकामागची घटना २३ डिसेंबर १५८८ ची आहे. फ्रान्समधील कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील धर्मयुद्धांच्या काळात कॅथलिक लीग या कॅथलिकांच्या आघाडीचा नेता ड्यूक द ग्वीज राजापेक्षाही बलवान होऊ लागला, तेव्हा राजा तिसऱ्या आंरीने त्याला ब्लुआच्या राजवाड्यात बोलावून आपल्या अंगरक्षकांकरवी ठार करवले. दुसऱ्या दिवशी ड्यूकच्या कार्डिनल भावाचाही काटा काढण्यात आला. फ्रेंच प्रेक्षकाला हा प्रसंग शाळेपासून आणि चित्रकार देलारोश यांच्या १८३४ च्या चित्रामुळे परिचित होता, त्यामुळे संवादांवाचून काही अडत नव्हते.

चित्रपटाचे दिग्दर्शन आंद्रे कालमेत आणि शार्ल ल बार्जी यांनी केले; राजाची भूमिकाही ल बार्जी यांचीच होती. कॅमेरा एका जागी खिळलेला आणि भिंती रंगवलेल्या, म्हणून पुढे या कृतीला ‘चित्रित नाटक’ म्हणून हिणवले गेले. हा आरोप अर्धाच खरा वाटतो. ड्यूक एका दालनातून दुसऱ्यात जातो तसा सापळा आवळत जातो, आणि खून झाल्यावर राजा मृतदेह न्याहाळतो तेव्हा ल बार्जी यांच्या अभिनयात त्या काळच्या मूकपटांतल्या हातवाऱ्यांचा सुळसुळाट नाही. सँ-साँस यांनी तंतुवाद्ये, पियानो आणि हार्मोनियम यांच्यासाठी प्रास्ताविक व पाच दृश्यांची रचना केली; ती त्यांची १२८ क्रमांकाची कृती होय.

‘फिल्म दार’ लवकरच आर्थिक अडचणीत आली, परंतु तिची युक्ती टिकली. १९१२ मध्ये रंगभूमीवरील विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांनी राणी एलिझाबेथची भूमिका केलेला फ्रेंच मूकपट अमेरिकेत दाखवून अडॉल्फ झुकर यांनी आपल्या ‘फेमस प्लेयर्स’ कंपनीचा पाया घातला.