सुमोच्या ऑइलच्या झाकणावर हात

अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजात मिस्त्रींनी चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. गाडी आमची, 1998 ची सुमो. (सुमो म्हणजे टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, सुमंत मुळगावकर, जपानी पैलवान नव्हे.) मग माझा हात धरायला लावला. कोमट हवा लागली, धूर नव्हता. "बॅक कॉम्प्रेशन न्हाई मालक, अजून पळतीय."

तपासणी अडाणी वाटेल, पण अख्खं डिझेल इंजिन त्या तळहातात आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधली हवा वीस-बावीस पट दाबतो आणि ती 500 अंशांच्या वर तापते. सायकलला हवा भरताना पंपाचा तळ चटका देतो, तसंच. डिझेल 210 अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, त्यामुळे नोझलचा फवारा पडायचा अवकाश. पण हा दाब धरायला पिस्टनच्या रिंगा घट्ट हव्यात. त्या झिजल्या की वायू खाली ऑइलकडे निसटतो आणि झाकणातून भकाभका धूर येतो. हे एका रात्रीत होत नाही. आधी सकाळचा सेल्फ लांबतो, मग पिकअप पडतो, ऑइल कमी व्हायला लागतं. गाडी वर्षभर आधी सांगत असते.

एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाड बिडाचं, आणि फेऱ्या मिनिटाला चार-साडेचार हजारांच्या आत. शिवाय नोझलला डिझेल पुरवणारा जुना पंप पूर्ण यांत्रिक. इंजिनाच्याच जोरावर फिरतो. किती डिझेल, कधी सोडायचं, हे आतले भाग ठरवतात. एकदा गाडी सुरू झाली की सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारा विजेचा खटका) उघडा ठेवण्यापुरती वीज पुरते. यातल्या रोटरी जातीच्या पंपात तर वंगणही डिझेलचंच, म्हणून रॉकेल मिसळलेलं डिझेल त्याला खातं. नंतरची कॉमन रेल इंजिनं (सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल, हुकूम इलेक्ट्रॉनिक्सचा) हजार बारच्याही वर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या हजारपटीहून जास्त दाबाने फवारतात. अ‍ॅव्हरेज आणि धूर या दोन्हींत ती सरस, यात वाद नाही. पण तिथे एक सेन्सर रुसला तरी गाडी रस्त्यात उभी राहू शकते.

गिअरबॉक्सबद्दल काय सांगायचं? तेलात बुडालेले दाते. झिजते ती क्लचप्लेट, तीही घाटात अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्या डाव्या पायामुळे.

तरी या गाड्या अमर नाहीत. रस्त्यावर दिसतात त्या उरलेल्या. भंगारात गेलेल्या कोण मोजतो? सोलापुरात माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच गाड्या बोअरच्या जड पाण्याने गेल्या. कूलंटऐवजी नळी लावून रेडिएटर भरायचा, क्षार आत चिकटायचे, आणि मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) उडायचं. तो दोष इंजिनाचा नव्हता.

आमचीही एकदा बंद पडली, तुळजापूरच्या घाटाच्या अलीकडे. आदल्या दिवशी डिझेल फिल्टर बदललेला, पंपाने एअर घेतली होती. डिझेल दाबून आकसत नाही, हवा आकसते: पंप तीच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही. पाना घेऊन हवा काढायचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबत राहिलो. आधी पांढरा फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, दोन खोकल्यांत इंजिन लागलं. देवीसमोर हात जोडले, तेव्हा शेजारची बाई वास कशाचा म्हणून मागे वळून बघत होती.