तांबूस चंद्र टिपताना: लेन्सपेक्षा ट्रायपॉडची परीक्षा

चंद्रग्रहणाचा फोटो फसला की पहिला दोष लेन्सला जातो. खरं तर बहुतेक फोटो फसतात ते शटर उघडं असताना चंद्र सरकल्यामुळे.

पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड. एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि १/२०० सेकंद एवढ्यात तो छान उमटतो. खग्रास स्थितीत मात्र एफ/५.६, आयएसओ ८०० ठेवूनही दोनेक सेकंद लागतात. हिशेब केला तर प्रकाश सहा हजार पटींहून जास्त घटलेला असतो. हेही बऱ्यापैकी उजळ ग्रहण धरून. ग्रहण किती काळवंडेल हे पृथ्वीच्या वातावरणावर ठरतं. त्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे डांजोंची ० (सर्वांत काळं) ते ४ (सर्वांत उजळ) अशी श्रेणी वापरतात. पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधल्या उद्रेकानंतर डिसेंबर १९९२ चं ग्रहण इतकं काळं पडलं की चंद्र शोधावा लागत होता. त्यामुळे आकडे पाठ करून जाऊ नका, दर काही मिनिटांनी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहा.

आता सरकण्याचं गणित. आकाश सेकंदाला १५ विकलांनी फिरतं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात हे काढायला पिक्सेलचा आकार (मायक्रॉनमध्ये) गुणिले २०६, भागिले फोकल लेन्थ (मिलिमीटरमध्ये). ४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिमी लेन्स असेल तर उत्तर सुमारे २ येतं. म्हणजे दोन सेकंदांत चंद्र १५ पिक्सेल फरफटतो. हे टाळायला १/८ सेकंद हवा, आणि तेवढ्यासाठी आयएसओ १२,८०० वर न्यावा लागतो. साधा ट्रायपॉड असेल तर अर्धा सेकंद आणि आयएसओ ३२०० हा तडजोडीचा मार्ग; फोटो लहान करून पाहिला तर चार पिक्सेलची फरफट खपून जाते.

म्हणूनच खर्च करायचाच असेल तर मोठ्या लेन्सआधी ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवणारं यंत्र, घ्यावा. सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लेन्थच्या साधारण ११०व्या भागाइतका पडतो: २०० मिमीला १.८ मिमी, १००० मिमीला ९ मिमी. चंद्र छोटा पण रेखीव आला तर कातरून मोठा करता येतो. फरफटलेल्याचं काही करता येत नाही. ट्रॅकरवर चंद्रगतीची सोय असेल तर ती निवडा. ताऱ्यांची गती ठेवली तर चंद्र सेकंदाला अर्ध्या विकलेने मागे पडतो, म्हणजे वरच्या लेन्सवर चार सेकंदांत एक पिक्सेल. हे चालून जातं, पण तासाभरात चंद्र स्वतःच्या व्यासाइतका चौकटीतून सरकलेला दिसेल. ट्रॅकरवर कॅमेऱ्याचा तोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवतात, त्यामुळे गिअरचे दात एकमेकांना टेकून राहतात आणि हिसका बसत नाही.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, इमेज स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधीच उचलून ठेवा. आरशाचा धक्का सर्वांत जास्त दिसतो तो १/३० ते १ सेकंदाच्या दरम्यान, म्हणजे नेमका ग्रहणात लागणाऱ्या वेगांना.

फोकस स्पर्शाच्या, म्हणजे ग्रहण लागण्याच्या, आधीच लावायचा. पौर्णिमेला विवरांच्या सावल्या नसतात, म्हणून लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट दृश्य) दहापट मोठा करून चंद्राच्या कडेवर लावा. ग्रहण लागल्यावर सावलीच्या कडेवर लावायचा प्रयत्न करू नका, ती कड मुळातच धूसर असते. मग ऑटोफोकस बंद करून रिंगला चिकटपट्टी. तरीही रात्र गार होते तसा फोकस थोडा हलतो. खग्रास लागली की जवळच्या एखाद्या ताऱ्यावर तपासून घ्या.

लेन्सवर दव धरलं की फोटो हळूहळू दुधाळ होत जातात आणि छोट्या पडद्यावर ते कळतही नाही. कापडाने पुसलं तर ओरखडे पडतात, वर फोकस हलतो. पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला, दव पडायच्या आधीच बांधा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा. खंडग्रास स्थितीत त्यातून उजळ कोरीचं भूत, म्हणजे खोटं प्रतिबिंब, उमटतं.

रंगासाठी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) आणि व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तांबडेपणा 'सुधारून' टाकतो. हिस्टोग्रामही तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा, कारण एकत्रित आलेख सुरक्षित दिसत असताना लाल रंग कधीच ओसंडलेला असतो.

संमीलनाच्या (खग्रास स्थिती सुरू होण्याच्या) आसपासची काही मिनिटं मात्र हातची घालवू नका. चंद्राच्या कडेला निळसर पट्टा दिसतो: तिथे पोचलेला प्रकाश वातावरणाच्या ओझोन थरातून आलेला असतो आणि ओझोन लाल प्रकाश थोडा गिळतो. या वेळी एकाच एक्स्पोजरवर विसंबू नका, एकेका स्टॉपच्या (दर वेळी प्रकाश दुप्पट) अंतराने पाच फोटो घ्या. बॅटरी आणि कार्ड बदलायचं ते ग्रहणमध्याला. ७ सप्टेंबर २०२५ ची खग्रास स्थिती ८२ मिनिटांची होती, एवढ्या वेळात लाइव्ह व्ह्यू एक बॅटरी सहज संपवू शकतो. उन्मीलनाला (खग्रास स्थिती संपताना) विरुद्ध बाजूची कड उजळते, आणि मिनिटभरातच दोन सेकंदांचं एक्स्पोजर तिला पांढरं करून टाकतं. तेव्हा शटर डायलवर बोट आधीच असू द्या.