वस्तीवर अंगणवाडी नसेल तर: नावनोंदणी, कागदपत्रं आणि सामूहिक मागणीचा अर्ज

'मूल तीन वर्षांचं झालं की घालू अंगणवाडीत,' असं अनेक घरांत म्हणतात. तोवर मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा काळ निघून गेलेला असतो. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केलेलं आहे. म्हणून अंगणवाडीतली नोंद गरोदरपणातच सुरू व्हायला हवी, आणि ती तशी करता येते.

कोण पात्र आहे

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहे. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि सहा वर्षांपर्यंतची सगळी मुलं तिच्यात येतात. उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही, रेशनकार्डाच्या रंगाची तर मुळीच नाही. दारिद्र्यरेषेखाली असण्याची अट घालू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. भाड्याने राहणाऱ्या, कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुलंही पात्र आहेत.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रावर नाश्ता, गरम जेवण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण मिळतं. लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, पालकांना आहार-आरोग्याची माहिती देणं ही कामंही याच योजनेत येतात. कशालाही फी नाही.

नाव नोंदवताना काय न्यायचं

आईचं आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर, बाळाचा जन्मदाखला आणि माता व बाल संरक्षण कार्ड. हे कार्ड जपून ठेवा. लसींच्या तारखा आणि वजन-उंचीबरोबरच कोणत्या वयात मूल काय करू लागतं, मान कधी धरतं, बोट दाखवल्यावर तिकडे कधी बघतं, याचीही माहिती त्यात असते. मूल मागे पडतंय अशी शंका आली, तर सेविकेला आणि डॉक्टरांना दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो.

बाळाचं आधार नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अॅपमध्ये बाळाची नोंद आईच्या आधारवर होते, बाळाच्या आधारची सक्ती नाही. घरी न्यायच्या आहारासाठी मात्र २०२५ पासून लाभार्थ्याची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि चेहऱ्याची पडताळणी मागितली जाते. त्यामुळे पहिल्या वेळी आईने स्वतः जावं.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी सेविकेला सांगून जावं. ट्रॅकरमधली नोंद दुसऱ्या गावच्या, अगदी दुसऱ्या राज्यातल्या अंगणवाडीतही हलवता येते. सांगितलंच नाही, तर मूल हंगामभर कुठल्याच केंद्रात दिसत नाही.

वस्तीवर अंगणवाडीच नसेल तर

इथे एकट्या पालकाच्या अर्जाने भागत नाही, वस्तीलाच पुढे यावं लागतं. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने 'मागेल तिथे अंगणवाडी' हा हक्क दिला. ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू व्हायला हवी. हा आदेश फार थोड्या पाड्यांपर्यंत पोचला आहे, म्हणून तो अर्जात तारखेसह लिहावा.

या अर्जाचा खरा जीव मुलांच्या यादीत असतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, घर कुठे आहे, हे सगळं एका कागदावर यावं. आशाताईंना सोबत घेऊन घरोघर फिरा, कारण जन्म आणि लसीकरणाच्या नोंदी त्यांच्याकडे असतात. गरोदर स्त्रियांची वेगळी यादी करा. दिव्यांग मुलं सुटता कामा नयेत, बहुतेक याद्यांतून तीच सुटतात. सध्याची अंगणवाडी किती लांब आहे, मध्ये ओढा, महामार्ग किंवा रेल्वेचे रूळ आहेत का, पावसाळ्यात वाट बंद होते का, हेही लिहा. समाजमंदिर किंवा एखादी खोली मिळणार असेल तर तसं नमूद करा. खाली पालकांच्या सह्या किंवा अंगठे घ्या.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर लिहावा. शहरात नागरी प्रकल्पाचं कार्यालय वेगळं असतं, पत्ता जवळच्या सेविकेकडे मिळेल. एक प्रत अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेला आणि एक जिल्हा परिषदेच्या महिला व बाल विकास विभागाला द्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. ग्रामसभेचा ठराव जोडला तर मागणी सगळ्या गावाची होते.

मंजुरी येईपर्यंत मुलांना वाऱ्यावर सोडायचं नाही. त्यांची नावं जवळच्या अंगणवाडीत लावून घ्या, तशी विनंती याच अर्जात करा.

केंद्रात आणखी काय मिळतं, आणि केंद्र चालत नसेल तर

राज्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'आरंभ' उपक्रम आहे. बाळाशी बोलायचं कसं, घरातल्या वाट्या-चमच्यांनी खेळायचं कसं, हे गृहभेटीत आणि पालक मेळाव्यात दाखवलं जातं. मेळावा कधी आहे ते विचारा आणि वडिलांना, आजी-आजोबांना घेऊन जा. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात.

आहार मिळत नसेल किंवा केंद्र बंद राहत असेल, तर आधी पर्यवेक्षिकेला आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी कळवा. सेविकेशी भांडून उपयोग नाही, बऱ्याचदा धान्य तिच्यापर्यंतच आलेलं नसतं. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते आणि त्यांच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीत केंद्र बंद असलेल्या तारखा, आहार न मिळालेल्या मुलांची नावं आणि आधीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा.