युनियन रजिस्टर झाली, पण मान्यता मिळाली का?

गेटबाहेर युनियनचा बोर्ड लागतो, नारळ फुटतो, घोषणा होतात. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "रजिस्टर नंबर आलाय, आता मॅनेजमेंटला बोलावंच लागेल." महिना जातो, दोन जातात, मागणीपत्राला उत्तर काही येत नाही. मग कमिटीवाले विकले गेले अशी कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा कुणी विकलं गेलेलं नसतं. नोंदणी झाली म्हणजे मान्यताही, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी वाटाघाटी करायचा हक्कही मिळाला, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं, एवढंच. शाखेच्या कामात नव्याने पडणाऱ्याने या दोन गोष्टींतला फरक आधी समजून घ्यावा. तो कळला नाही तर नको तिथे ताकद खर्च होते आणि माणसं लवकर निराश होतात.

नोंदणीपासून सुरुवात करू. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी १९२० साली मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टात दावा लावला. बी. पी. वाडिया त्यात होते. कामगारांना काम थांबवायला सांगणं म्हणजे त्यांना नोकरीचा करार मोडायला चिथावणं, असा मालकांचा मुद्दा होता, आणि कोर्टाने मनाई हुकूमही दिला. म्हणजे युनियन चालवणाराच गुन्हेगार ठरायची वेळ आली. ज्यांच्या नावाचा रस्ता आज लोअर परळला आहे त्या ना. म. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला, आणि अखेर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. तो १ जून १९२७ पासून लागू झाला.

त्या कायद्याने दिलं ते संरक्षण. नोंदलेली युनियन स्वतःच्या नावाने दावा लावू शकते, मालमत्ता ठेवू शकते, आणि कामगारांच्या हितासाठी एकत्र येऊन काही ठरवलं म्हणून पदाधिकाऱ्यांवर कटाचा खटला भरता येत नाही. त्या बदल्यात दरवर्षी हिशेब निबंधकाकडे, म्हणजे युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठवायचा, आणि पैसा कायद्याने नेमून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा. सभासदाला हिशेबाच्या वह्या बघायचा हक्क आहे. हा हक्क फारसं कुणी वापरत नाही, आणि अनेक शाखांमध्ये तो वापरलेला आवडतही नाही, पण तो आहे.

नोंदणीला माणसं किती लागतात? मूळ कायद्यात सात पुरत होती. २००१ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली: त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत, आणि काही झालं तरी सातपेक्षा कमी चालणार नाहीत. ३०० कामगारांच्या कारखान्यात ३० जण जमले की अर्ज करता येतो. ४० जणांच्या वर्कशॉपमध्ये १० टक्के म्हणजे चारच, पण तिथेही सात लागतातच. नोंदणी म्हणजे दुकानाचा गुमास्ता परवाना. दुकान उघडायची मुभा मिळाली, गिऱ्हाईक आणायचं काम तुमचं.

मालकाने युनियनशी बोललंच पाहिजे, असं १९२६ च्या कायद्यात कुठेही नव्हतं. १९४७ मध्ये मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती संमत झाली, पण ती कधी अमलातच आणली नाही. इतका महत्त्वाचा कायदा कपाटात पडून राहिला यावर पुरेसा आरडाओरडा झाला नाही, असं मला वाटतं. एक कारखाना, पाच युनियन आणि पाच बोर्ड हे चित्र त्यातूनच आलं.

मान्यतेचा रस्ता महाराष्ट्राने स्वतःचा काढला. युनियनना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा त्याचा १९७१ चा कायदा, ज्याला कामगार वर्तुळात 'एमआरटीयू' म्हणतात, ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. या कायद्यात मान्यता निबंधक देत नाही, मालकही देत नाही. अर्ज औद्योगिक न्यायालयात करायचा. अट अशी की अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने त्या कारखान्यातले निदान ३० टक्के कामगार तुमचे सभासद हवेत. आपल्या ३०० च्या कारखान्यात ९०. एका महिन्यात ९० नाहीत, सहाही महिने ९०.

खरी परीक्षा इथे होते. अर्ज गेला की तपासणी अधिकारी येतो. त्याच्यासमोर टेबलावर काय ठेवणार? पावती पुस्तकं, सभासद नोंदवही, बँकेचं पासबुक, कार्यकारिणीचं इतिवृत्त. तो स्थळप्रती उलटत जातो. जानेवारीत ९५ नावं, फेब्रुवारीत ९३. मार्चच्या पुस्तकात सगळ्या पावत्या एकाच तारखेच्या, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या, आणि त्यातले दोघे त्या दिवशी रजेवर होते हे मस्टर सांगतं. दुसऱ्या युनियनचा वकील नेमका इथे बोट ठेवतो. शिवाय दोन्ही युनियनच्या फॉर्मवर सही करून मोकळे झालेले दहा-बारा जण प्रत्येक कारखान्यात असतातच, "उगाच कुणाला नाही कशाला म्हणा" या हिशेबाने. ते नेमके कुणाचे, यावर तारखांमागून तारखा जातात. द्वारसभेतल्या जोरदार भाषणाचा इथे काडीचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो दर महिन्याला, तिन्ही पाळ्यांत फिरून, पैसे घेताक्षणी पावती फाडणाऱ्या माणसाचा. मंचावर त्याला सहसा कुणी बोलवत नाही.

कायद्याच्या आणखी काही अटी आहेत. वर्गणी महिन्याला निदान ५० पैसे हवी (आकडा अजून तोच वाचला की हसू येतं), कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी, आणि ठराव इतिवृत्तात लिहिलेले हवेत. सगळ्यात धोक्याची अट वेगळीच आहे. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत युनियनने बेकायदा संपाला हात लावला असेल, तर मान्यता मिळत नाही. सुपरवायझर कुणाला तरी उलटसुलट बोलला, सगळे मशीन बंद करून बाहेर आले, आणि कमिटीने जोशात पाठिंब्याचं पत्रक काढलं. १४ दिवसांची नोटीस दिलेली नव्हती. त्या एका दुपारीपायी पुढचे सहा महिने अर्जाच्या कामाचे राहत नाहीत. मोहीम कधी तापवायची आणि कधी थंड ठेवायची हे ठरवणाऱ्याला ही तारीख पाठ असायला हवी.

मान्यता मिळाल्यावर काय बदलतं? जवळजवळ सगळंच. मान्यताप्राप्त युनियनशी सचोटीने वाटाघाटी करायला नकार देणं ही मालकाची अनुचित प्रथा ठरते. कारखान्यात सूचना फलक लावता येतो, पगार वाटतात त्या जागी वर्गणी गोळा करता येते, कामगारांशी आणि मालकाशी बोलायला आत जाता येतं. आणि करार झाला की तो सगळ्या कामगारांना बांधतो, सभासद नसलेल्यांना आणि दुसऱ्या युनियनवाल्यांनाही. बदली (गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्या) आणि तात्पुरत्या कामगारांना कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवलं, अशी तक्रार कोर्टात न्यायची तर मान्यताप्राप्त युनियन असेल तिथे तीच उभी राहू शकते. ती गप्प बसली, तर दुसऱ्यांचे हात बांधलेले.

मग नुसत्या नोंदलेल्या युनियनने काय घरी बसायचं? मुळीच नाही. मान्यता नसलेल्या युनियनलाही सभासदाच्या निलंबनाबद्दल, बडतर्फीबद्दल, कामगार कपातीबद्दल मालकाशी बोलायचा आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभं राहायचा हक्क आहे. छोट्या शाखा वाढतात त्या इथूनच. चार्जशीट हातात घेऊन रात्री घरी आलेल्या माणसाशेजारी बसून उत्तर लिहून द्या, चौकशीत साक्षीदारांना नीट प्रश्न विचारा. त्याच्या खात्यातले पंधरा जण पुढच्या महिन्यात आपणहून पावती मागतात. मोठमोठी मागणीपत्रं छापण्यापेक्षा मी या कामाला जास्त मोल देतो.

कंत्राटी कामगारांची गोष्ट मात्र वेगळी आणि कटू आहे. त्यांना युनियनचं सभासद होता येतं. पण सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालक-नोकर हे नातंच वादात असेल, तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करा, मग या कायद्याखाली तक्रार घेऊन या. त्यामुळे ज्या कारखान्यात निम्मे हात कंत्राटाचे आहेत, तिथे टक्केवारी नेमकी कशाच्या टक्के, हा प्रश्न शाखेला पहिल्या दिवसापासून पडतो.

नोंदणी आणि मान्यता यांच्या पलीकडे तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे माणसं खरोखर कुणाच्या मागे आहेत, आणि ती मुंबईने फार महागात शिकली. कापड गिरण्यांना १९७१ चा नव्हे, त्याआधीचा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एका भागातल्या अख्ख्या उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन. मुंबईत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. म्हणजे माणसं एका बाजूला आणि सही करायचा अधिकार दुसऱ्या बाजूला. सामंतांशी करार करायला कायद्यात जागाच नव्हती. म्हणून तर पगारवाढीसोबत हा कायदा रद्द करा ही मागणीही त्या संपात होती. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. लालबाग-परळचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे पावत्या मोजून मान्यता ठरवायची पद्धत मला पूर्ण पटत नाही. पावती कधी भीतीने फाडली जाते, कधी मित्राखातर. रेल्वेत मान्यता गुप्त मतदानाने ठरते. असं मतदान २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये झालं. कामगाराचं मन त्यातून जास्त स्वच्छ कळतं. त्याची दुसरी बाजू अशी की मतदान आलं की सगळे जागे होतात, आणि मधली वर्षं शाखा कार्यालयाला कुलूप. दर महिन्याच्या पावतीचा जाच तेवढा तरी बरा, कार्यकर्त्याला फिरायला लावतो.

आता नव्या कायद्याचं. २०२० मध्ये संसदेने संमत केलेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात विरघळला. नोंदणीची अट जवळपास तीच राहिली: सात, आणि १० टक्के किंवा १००. वाटाघाटींचं गणित मात्र पार बदललं. मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल ती एकटी वाटाघाट करणारी युनियन. तेवढा कुणाकडेच नसेल तर परिषद बनवायची, आणि तिच्यात दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. आपल्या ३०० च्या कारखान्यात एकट्याने बोलायचं तर १५३ हवेत. ६० असतील तर परिषदेत एक खुर्ची, १२० असतील तर दोन. भांडणाऱ्या दोन युनियनना एकाच बाकावर बसवणारी ही तरतूद आहे. मालकासमोर त्या आपसांत भांडतील की एक होतील, ते शाखांच्या शहाणपणावर अवलंबून. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ५० टक्के किंवा त्याहून जास्त जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर संहितेत तो संपच धरला आहे. "संप नाही साहेब, सगळे रजेवर आहेत" ही जुनी पळवाट बंद झाली.

संहितेने केंद्राचे तीन कायदे रद्द केले. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या यादीत नाही. मग मान्यता जुन्या नियमाने की नव्या, हा प्रश्न उरतोच. म्हणून मान्यतेचा अर्ज लिहायला घेण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाकडे एक चक्कर माराच. जुना नमुना बघून उतरवलेला अर्ज अडकून पडला तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल.

शाखेच्या कामाला लागायचं ठरवलं असेल, तर पहिल्याच भेटीत सरचिटणीसांना तीन गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक काय आणि गेल्या वर्षीचा हिशेब निबंधकाकडे पोचला का? मान्यता आहे का, असेल तर कोणत्या आदेशाने आणि कधीची? कार्यकारिणीची शेवटची बैठक कधी झाली, आणि तिचं इतिवृत्त दाखवता का? उत्तरं देताना ते चिडले, तरी तुम्हाला काम कुठून सुरू करायचं ते कळलं. नोंदणीच नसेल तर माणसं जमवा. नोंदणी आहे पण मान्यता नाही, तर एखादं खातं, एखादी पाळी स्वतःकडे घ्या आणि दर पगाराला पावती पुस्तक घेऊन फिरा. मान्यता आहे आणि चार वर्षांच्या करारानंतर कुणी फिरकलेलंच नाही, तर तात्पुरत्या कामगारांची यादी मागा. कोण किती वर्षं तात्पुरता आहे ते नावानिशी लिहून काढा आणि पुढच्या बैठकीत ती यादी टेबलावर ठेवा.