नाण्याची प्रतवारी

टांकसाळीतून बाहेर पडताना नाण्यावर जे काही होते, त्यातले आज किती शिल्लक आहे हे पाहून त्याची प्रत ठरवण्याची रीत. संग्राहकांच्या बोलण्यात यालाच ‘कंडिशन’ किंवा ‘ग्रेड’ म्हणतात. एकाच सनाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन रुपयांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

नाणे पारखण्याचे काम आपल्याकडे जुने आहे. मराठेशाहीत पोतदार नाणी तपासून घेत असे आणि झिजलेल्या, हिणकस किंवा परमुलखातल्या नाण्यावर सराफ बट्टा कापून घेत असे. ‘नावाला बट्टा लागणे’ यातला बट्टा तोच. पण ती पारख धातूची होती. वजन भरले आणि नाणे खणखणीत वाजले की काम झाले; वरचा चेहरा पुसट आहे की ठसठशीत, याच्याशी पोतदाराला फारसे देणेघेणे नव्हते. आजची प्रतवारी नेमकी उलटीकडून सुरू होते. ती आधी पृष्ठभाग पाहते.

झीज सर्वांत आधी नाण्याच्या उंचवट्यांवर दिसते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या नाण्याचे उंचवटे पाठ असावे लागतात. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयात गाल, कानाजवळचे केस, मुकुट आणि वस्त्रावरचे नक्षीकाम ही पाहण्याची ठिकाणे. नाणे दिव्याखाली बोटांच्या चिमटीत कडेने धरून हळूहळू कलते करावे. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. गालावर आला की अडखळला आणि तिथे करडा, मंद डाग दिसला, तर नाणे चलनात फिरलेले आहे असे समजावे. झीज केवळ सौंदर्य नेत नाही, ओळखही नेते. १८६२ हाच सन छापलेले रुपये पुढे दहा-बारा वर्षे पाडले जात होते आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांचे खरे वर्ष मागच्या बाजूवरच्या बारीक ठिपक्यांवरून ठरवतात. ते ठिपके पुसले की वर्षही गेले.

पंचम जॉर्जच्या रुपयात राजाच्या झग्यावरचा हत्ती पाहतात. १९११ च्या रुपयावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले गेले. १९११ च्या त्या नाण्याला संग्राहक ‘पिग रुपी’ म्हणतात. नंतरच्या रुपयावर हत्तीची सोंड सुटी आणि स्पष्ट दिसत असेल, तर प्रत चांगली असण्याची शक्यता मोठी.

प्रतींची नावे इंग्रजीतूनच रुळली आहेत : चढत्या क्रमाने गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन (व्हीएफ), एक्स्ट्रा फाइन (एक्सएफ), अबाउट अनसर्क्युलेटेड आणि मग यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेले. नवख्याची यात हमखास फसगत होते, कारण ‘गुड’ ही प्रत तळाजवळची आहे. त्या नाण्यावर चेहऱ्याची जेमतेम बाह्यरेषा उरलेली असते. १ ते ७० ही अंकांची पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ६० आणि त्यापुढचे अंक न फिरलेल्या नाण्यांचे. पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून) या प्रतवारी करणाऱ्या अमेरिकन कंपन्या याच पट्टीवर अंक देऊन नाणे प्लास्टिकच्या बंद डबीत घालतात.

ही पट्टी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना शोभते. शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या शिवराईला ती जशीच्या तशी लावणे अन्यायाचे आहे. शिवराई हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेली. ठसा अनेकदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ ही अक्षरे, भोवतीच्या ठिपक्यांच्या वर्तुळासह, पूर्ण उतरलेले नाणे दुर्मीळच. अक्षर कापले गेले ते झिजून की मुळातच चकतीबाहेर पडले, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. उरलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतील तर दोष घावाचा. कडा गोलसर, गुळगुळीत झाल्या असतील तर झीज. मोगली आणि सुरती रुपयांवर सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या खुणाही अशाच वेगळ्या नोंदवतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र प्रेमापोटी होते. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया राखेने किंवा पावडरीने घासून लखलखीत करायची, तांब्याचे नाणे चिंच लावून उजळायची आपल्या घरांची रीत आहे. त्या घासण्याने पृष्ठभागावर केसासारख्या असंख्य रेषा उमटतात आणि मूळ चमक कायमची जाते. धुतलेले नाणे भिंगाखाली लगेच ओळखू येते : चकाकी सपाट असते, अक्षरांच्या सांध्यात मात्र कुंकू नाहीतर काळपट मळ अडकलेला. वर्षानुवर्षे काळवंडलेली चांदी हा दोष नव्हे, उलट नाण्याला कोणी हात लावला नाही याचा तो पुरावा. तांब्यावरचा हिरवा, भुसभुशीत कळंक वेगळा. तो धातू खातो. माळेसाठी कडी लावलेल्या, भोक पाडलेल्या किंवा भोक बुजवलेल्या नाण्याला झीज कितीही कमी असली तरी दोषाचा शेरा नसलेली प्रत मिळत नाही.

प्रत सांगण्याआधी नाणे अस्सल असल्याची खात्री हवी, आणि इथे पोतदाराचा तराजू आजही उपयोगी पडतो. १८३५ ते १९३९ या काळातला ब्रिटिश चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. ‘रुपयाभार’ हे माप त्यावरूनच आले. झिजलेला रुपया थोडा हलका भरणारच. पण नक्षी ताजी आणि वजन कमी, हा मेळ बसत नाही. असे नाणे बहुधा ओतीव नक्कल असते. कडेच्या दात्यांवर सांध्याची रेघ शोधावी.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून शिवराई किंवा राणीछाप रुपया परदेशी कंपनीकडे प्रतीसाठी पाठवण्याचा मार्ग भारतातल्या संग्राहकाला बंद आहे.