कॅरव्हॅन आणि टो-कार : वजनाचा मेळ

मागे कॅरव्हॅन जोडायची तर पुढची गाडी तिला ओढू शकते का एवढंच बघून भागत नाही, उतारावर, आडव्या वाऱ्यात किंवा शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला तर ती मागचं वजन सांभाळू शकते का हे बघावं लागतं. ब्रिटनमध्ये या हिशेबाला आउटफिट मॅचिंग म्हणतात आणि ही नोंद मुख्यतः तिथल्या पद्धतीबद्दल आहे. आपल्याकडे कॅरव्हॅन म्हटलं की बहुतेकांना इंजिनवाली कॅम्पर व्हॅनच आठवते, इथे मात्र ओढायची कॅरव्हॅन अभिप्रेत आहे.

1885 मध्ये लेखक डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ ही कॅरव्हॅन बनवून घेतली तेव्हा ती ओढायला घोडे होते. मोटारीमागे लावायच्या कॅरव्हॅन विकायला बनू लागल्या त्या साधारण 1919 च्या सुमारास, एकल्स कंपनीपासून.

सगळ्यात जास्त सांगितला जातो तो 85 टक्क्यांचा नियम. कॅरव्हॅनचं भरून जास्तीत जास्त मान्य वजन (एमटीपीएलएम) गाडीच्या कर्बवेटच्या (सामान न भरलेल्या गाडीच्या वजनाच्या) 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, सवय झालेल्यांनीही 100 च्या वर जाऊ नये. 1,600 किलोच्या गाडीला 1,360 किलोची कॅरव्हॅन. हा कायदा नाही, क्लब आणि उद्योगसंस्थांचा सल्ला आहे. पण कर्बवेट म्हणजे नक्की काय यावरच घोळ होतो. ब्रिटिश नियमांत ते ड्रायव्हरशिवाय आणि टाकी भरून धरतात, तर युरोपीय व्याख्येत 75 किलोचा ड्रायव्हर आणि 90 टक्के इंधन असतं. म्हणजे एकाच गाडीचे दोन आकडे, साधारण 70 किलोचा फरक, आणि त्याच्या 85 टक्क्यांनी कॅरव्हॅनची मर्यादा जवळजवळ 60 किलोंनी पुढेमागे होते. यातला कमी आकडा धरणं बरं.

मुळात हे प्रमाण किती महत्त्वाचं यावर दोन मतं दिसतात. जुन्या जाणत्यांचं म्हणणं, गाडी जड असली की कॅरव्हॅन तिला हलवू शकत नाही. बाथ विद्यापीठातल्या चाचण्यांचा 2009 चा निबंध मात्र सांगतो की जास्त वेगात स्थिरतेवर कॅरव्हॅनच्या एकूण वजनाचा परिणाम तितका मोठा नसतो, वजन कुठे ठेवलंय, नोजवेट (जोडावर पडणारा कॅरव्हॅनच्या नाकाचा भार) किती आणि अ‍ॅक्सल कुठे आहे यावर खरं ठरतं. झुलणं आवरायला जोडावर बसवतात तो घर्षणाचा स्टॅबिलायझर कमी वेगात मदत करतो, वेग वाढला की त्याचा उपयोग घटत जातो. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, पण म्हणून 85 सोडायचं नाही, कारण ब्रेक लावताना आणि चढावर वजन वजनच असतं.

बैलगाडी भरलेल्या माणसाला नोजवेट समजावून सांगावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, पुढे जास्त झालं की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. कॅरव्हॅनमध्ये हा धुरेवरचा भार भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के असावा असं सांगतात, म्हणजे 1,360 किलोला साधारण 68 ते 95 किलो. पण गाडीच्या टोबॉलची (कॅरव्हॅन अडकवायच्या मागच्या गोळ्याची) मर्यादा 75 असेल तर 75 च्या वर जायचं नाही. मोजायला घरातला वजनकाटाही चालतो, त्यावर हिचच्या (जोडाच्या) उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करायचा, जॉकी व्हील (पुढचं छोटं टेकूचं चाक) हळूहळू वर घेत कॅरव्हॅनचं नाक त्यावर टेकवायचं आणि आकडा वाचायचा.

मात्र नोजवेट बरोबर आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. मागे सायकली लावल्या आणि तोल साधायला पुढच्या लॉकरमध्ये सामान कोंबलं तर काटा बरोबर दाखवेल, पण दोन्ही टोकं जड झालेली कॅरव्हॅन एकदा झुलायला लागली की थांबत नाही. अ‍ॅक्सलपासून 3 मीटरवरचे 20 किलो झुलण्याच्या हिशेबात 1 मीटरवरच्या 20 किलोंच्या नऊपट भारी पडतात, अंतराचा वर्ग लागतो म्हणून. त्यामुळे ऑनिंगची (कॅरव्हॅनला जोडायच्या तंबूची) जड पिशवी अ‍ॅक्सलवर, खाली जमिनीलगत, आणि वरच्या कपाटांत फक्त हलकं.

कंपनीने दिलेली टोइंग मर्यादा वेगळी, ती बहुतेकदा 12 टक्के चढावर थांबून परत निघता येतं का यावर ठरते. इलेक्ट्रिक गाड्यांचं कर्बवेट भरपूर असतं म्हणून प्रमाण छान दिसतं, पण काहींना टोइंगची परवानगीच नसते.

कायद्याने 750 किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. मोटरवेवर मर्यादा ताशी 60 मैल, दुभाजक नसलेल्या साध्या दुपदरी रस्त्यावर 50. जर्मनीत एरवीची मर्यादा 80 किलोमीटर असून 100 ची परवानगी वजनाच्या प्रमाणाशी बांधलेली आहे.

कॅरव्हॅन झुलायला लागली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही आणि वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जायचं नाही. शांत झाली की सुरक्षित जागी थांबायचं, दार उघडायचं आणि मागच्या बाजूला काय काय ठेवलंय ते बघायचं.