जमिनीतला हीट पंप: मशीन जुनंच, घोडं अडलं पाइपात

जमिनीत पाइप पुरून घर गरम किंवा गार करायचं हा प्रकार आत्ता आत्ता आलाय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण यामागची कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८५२ साली विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखला गेला तो, असं मांडलं की इंधन जाळून थेट खोली तापवण्यापेक्षा तीच ताकद वापरून बाहेरची उष्णता आत ओढली तर कितीतरी कमी इंधनात भागेल. चार-पाच वर्षांतच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगरनं तसं यंत्र बनवलंसुद्धा, पण ते मिठाचं पाणी आटवायला, घराशी त्याचा काही संबंध नव्हता. उष्णता जमिनीतून घ्यायची हे हाइनरिख झोलीच्या १९१२ च्या स्विस पेटंटमध्ये आलं आणि पुढे बराच काळ कागदावरच राहिलं. कोळसा होता, तेल होतं, मग कोण कशाला खड्डे खणतंय!

जमीनच का, तर थोडं खोल गेलं की तिथलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल तळघरात १८व्या शतकातच लोक थर्मामीटर लावून बघत होते, वर बर्फ असो की ऊन, खाली पारा आपला १२ अंशांच्या आसपास. म्हणून हा हीट पंप, म्हणजे उष्णता एका जागेवरून ओढून दुसरीकडे नेणारं यंत्र, कडाक्याच्या थंडीतही एक युनिट विजेवर साधारण तीन-चार युनिट उष्णता घरात आणतो आणि उन्हाळ्यात उलटा फिरवला की घरातली उष्णता खाली सोडतो.

घरगुती बाजूला पहिलं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्या रॉबर्ट वेबरचं निघतं. १९४०च्या दशकाच्या शेवटी डीप फ्रीजरशी खटपट करताना त्याचा हात बाहेर जाणाऱ्या पाइपला लागला आणि चांगलाच भाजला, मग एवढी उष्णता फुकट का घालवायची म्हणून त्यानं आधी त्यावर पाणी तापवलं, मग पंखा लावून घरात गरम हवा सोडली आणि शेवटी तांब्याच्या नळ्या जमिनीत पुरून त्यातून फ्रीजमध्ये असतो तसला गॅस फिरवला. चाललं की! पण अशी घरं मोजकीच राहिली, कारण धातूचे पाइप मातीत गंजतात आणि गळती लागली की सगळं अंगण उकरा. विहिरीचं पाणी थेट पंपात घ्यायची पद्धतही होती, पण पाणी जड असेल तर आत क्षार साचतात.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि चित्र पालटलं. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत जेम्स बोस आणि मंडळींनी बंद लूपवर, म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहील अशा पुरलेल्या पाइपच्या वेटोळ्यावर, काम केलं, आणि माझ्या मते खरी क्रांती पंपात नाही तर त्या पॉलिथिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपात झाली. दोन टोकं तापवून एकमेकांत दाबली की सांधा पाइपाइतकाच पक्का, गंज नाही, आत नुसतं पाणी किंवा अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) फिरतंय. आता पुरलं की विसरलं असं म्हणता यायला लागलं.

स्वीडननं हे सगळ्यात मनावर घेतलं. खाली कठीण खडक, त्यात सरळ उभी बोअर घेता येते, मोठं अंगण लागत नाही. तरी तिथेही मध्येच माती झाली होती: ८०च्या दशकाच्या मध्यात तेल स्वस्त झालं, वर काहींनी घाईत बसवलेली कामं बिघडली आणि लोकांचा विश्वास उडाला. मग १९९१ चा कार्बन टॅक्स, म्हणजे तेल-कोळशासारख्या इंधनांवरचा कर, आला, पंप सुधारले आणि गाडी परत रुळावर आली.

बाकी ठिकाणी अजून खोदकामाचा खर्चच नडतो, म्हणून बरेच जण हवेतून उष्णता घेणारा स्वस्त पंप लावून मोकळे होतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला २०२४ मध्ये यावर वेगळाच तोडगा सुरू झाला, तिथे गॅस पुरवणाऱ्या कंपनीनंच रस्त्याखाली लूप टाकलाय, त्यावर घरं आहेत आणि फायर स्टेशनही, म्हणजे बोअरचा खर्च एकट्या घरमालकाच्या खिशातून जात नाही.